मी राजीनामा देत नाही

त्यांचा फोन आला तेव्हा डॉकला साबणाचा ट्रक लागलेला होता आणि अर्धा माल उतरायचा बाकी होता. भिवंडीजवळच्या राहनाळला ज्या गोदामात मी काम करते तिथे माझ्याकडे इनवर्ड आहे. म्हणजे बाहेरून येणारा माल मोजून, तपासून आत घ्यायचा आणि ड्रायव्हरच्या चलानावर सही करायची. ट्रक उभा असताना मी फोन घेत नाही, हे माझ्या नवऱ्याला चांगलं ठाऊक आहे. तरीही फोन लागोपाठ तिसऱ्यांदा वाजला, तेव्हा मी घेतला.

"एक कागद दिलाय ऑफिसातनं," ते म्हणाले. "संध्याकाळपर्यंत सही करून द्यायचाय. करू ना?"

"कसला कागद?"

"राजीनाम्याचा आहे म्हणतात. सगळ्यांनाच दिलाय. आमच्या खोलीतल्या चौघांनी केली पण सही."

मी हातातलं पेन खाली ठेवलं. तीन वर्षांपूर्वी ते आखातात गेले. त्याआधी ते आम्ही राहतो त्या काल्हेरच्याच एका गोदामात फोर्कलिफ्ट चालवायचे. तिकडे एका परदेशी कंपनीच्या कोल्ड स्टोरेजमध्ये रीच ट्रक चालवायला लागले. उंच रॅकवर माल चढवणारी ती गाडी इंचाचा अंदाज असलेल्या माणसालाच देतात आणि माझा नवरा त्या कामात पटाईत आहे. त्यांच्याबद्दल कधी तक्रार नव्हती. मग राजीनामा कशाला?

"फोटो काढून पाठवा," मी म्हटलं. "आणि आज सही करू नका."

"काय सांगू त्यांना?"

"सांगा, बायको वाचतेय."

"अगं, असं कसं सांगू? हसतील."

"हसू द्या."

फोटो आला. वर इंग्रजी, खाली तोच मजकूर अरबीत. माझं शिक्षण बारावीपर्यंतचं, पण रोज दिवसभर इंग्रजी कागदच वाचते. समजायला वेळ लागला नाही. मी माझ्या वैयक्तिक कारणामुळे, स्वखुशीने नोकरी सोडत आहे. कंपनीविरुद्ध माझं काहीही म्हणणं नाही आणि पुढे कुठेही मी तक्रार करणार नाही. खाली सहीसाठी रेघ. तारीख आधीच टाईप केलेली होती आणि ती मागच्या महिन्यातली होती.

ट्रक रिकामा केला, दोन फुटलेल्या खोक्यांचा रिमार्क चलानावर लिहिला, सही केली आणि जेवणाच्या सुट्टीत रिक्षा पकडून भिवंडीत गेले.

कोर्टाजवळ एका झेरॉक्सच्या दुकानाशेजारी, जिन्याखाली, एक काका टेबल टाकून बसतात. लोकांचे अर्ज टाईप करून देतात. पूर्वी ठाण्याला कामगार न्यायालयात टायपिस्ट होते. लूमवर हात गेलेला कामगार असो की सुपरवायझरने काढून टाकलेली बाई असो, सगळ्यांच्या कहाण्या या काकांच्या बोटांखालून गेलेल्या आहेत. माझ्या वडिलांचा प्रॉव्हिडंट फंडाचा अर्जही त्यांनीच केला होता, त्यामुळे ते मला ओळखत होते.

मी मोबाइल त्यांच्यापुढे धरला. त्यांनी चष्मा बदलला, फोटो मोठा करून अक्षर अन् अक्षर वाचलं.

"तिकडचा कायदा मला ठाऊक नाही," ते म्हणाले. "उगाच ठोकून सांगणार नाही. पण एक विचार कर. हा कागद कुणाला पाहिजे आहे?"

"कंपनीला."

"कायद्याने सरळ काढता येत असतं, तर तुझ्या नवऱ्याची सही त्यांनी मागितली असती का?"

मी फोटोतली ती सहीची रेघ पुन्हा पाहिली.

"काढायचं असेल तर नोटीस द्यावी लागते, कारण द्यावं लागतं. माणूस स्वतःहून सोडतोय म्हटलं की त्यातलं काही उरत नाही. एवढंच मी पस्तीस वर्षं टाईप केलं. तिकडे वेगळं असेल तर शोध. मोबाइल आहे ना हातात."

मी निघताना त्यांना विचारलं, "काका, तुमचे किती झाले?" त्यांनी हात हलवला आणि पुढच्या माणसाला बसायला सांगितलं.

संध्याकाळी घरी आले तेव्हा सासूबाई दारातच होत्या. मुलाने त्यांनाही फोन केला होता. सासूबाई मूळच्या वज्रेश्वरीकडच्या गावातल्या. जन्म भातशेतीत गेला आणि आता गुडघ्यांमुळे आमच्याकडे काल्हेरला असतात.

"तू त्याला सही करू नको म्हनून सांगितलास?"

"हो."

"परमुलखात आपला कोन हाय गो? पोलिसांनी धरला तर? सही करून टाक म्हन आनि निघून ये म्हनावं. भांडून काय मिलनार?"

"भांडत नाही आई. वाचतेय फक्त."

"वाचून काय व्हतंय," म्हणून त्या आत गेल्या.

त्यांची भीती खोटी नव्हती. आमच्या बिल्डिंगमध्येच एक जण असा कुठूनतरी दोन वर्षांनी परत आला होता आणि काय झालं ते आजपर्यंत कुणाला सांगत नाही. तरीही मी कुकर लावला आणि शिट्ट्या होईपर्यंत त्या देशाच्या कामगार खात्याची वेबसाइट उघडून बसले. मला वाटलं होतं, सगळं अरबीत असणार. पण हिंदीतही पानं होती. आपल्याकडून इतकी माणसं जातात, त्यामुळे असेल. भाषा जड होती, पण चलानांपेक्षा जड नव्हती.

एकेक गोष्ट मी वहीत उतरवली. कंपनीला कामगाराला काढायचं असेल तर लेखी नोटीस द्यावी लागते आणि करारात लिहिलेली मुदत पाळावी लागते. पासपोर्ट कामगाराने स्वतःजवळ ठेवायचा असतो, कंपनीने नाही. तक्रार कामगार स्वतः करू शकतो, मोबाइलवरून, वकील लागत नाही. तक्रार केली म्हणून काढणं बेकायदा. आणि एक गोष्ट वाचून मी दचकले. कामगार न सांगता कामावर आला नाही, तर कंपनी त्याची 'पळून गेला' अशी नोंद करू शकते. मग त्याची बाजू लंगडी होते. त्या ओळीखाली मी दोन रेघा मारल्या.

त्यांचा करारही माझ्याकडे होता. ते गेले तेव्हा मी हट्टाने त्याची प्रिंट काढून प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये ठेवली होती. नोटिशीची मुदत त्यात छापलेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास मला तिकडच्या नंबरवरून फोन आला. आवाज अनोळखी, पण बोलणं मराठी.

"वहिनी, मी तुमच्या मिस्टरांच्या कंपनीतून बोलतोय. एचआरला आहे. आपलाच माणूस आहे, साताऱ्याकडचा."

"बोला दादा."

"मिस्टर तुमचं ऐकतात असं कळलं. तुम्ही जरा समजवा त्यांना. इथे एक मोठं कंत्राट गेलंय कंपनीचं, माणसं कमी करायचीच आहेत. सही केली तर सगळं सुरळीत होईल. नाही केली तर रेकॉर्ड खराब होतं. पुढे दुसरीकडे लागायला त्रास."

बोलण्यात अरेरावी नव्हती. माणूस दमलेला वाटत होता.

"माणसं कमी करायची आहेत हे पटलं मला," मी म्हटलं. "मग तसंच लिहून द्या ना. कंत्राट गेलं म्हणून तुम्हाला काढतोय, नोटिशीची मुदत अमुक. ते आनंदाने घेतील."

"तसं नाही देता येत वहिनी."

"का नाही?"

"वरून तसं ठरलंय."

"दादा, त्या कागदावर लिहिलंय की ते वैयक्तिक कारणामुळे सोडतायत. त्यांचं कारण काय आहे ते मी त्यांची बायको असून मला माहीत नाही. तुम्हाला माहीत आहे का?"

आणि मी पुढे विचारलं, "तुम्हाला दिलाय का असा कागद?"

"अजून नाही," तो म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

अर्ध्या तासाने नवऱ्याचा फोन आला. त्यांना सकाळपासून एका खोलीत बसवून ठेवलं होतं. बाकीच्यांना एकेक करून बोलावून सह्या घेतल्या होत्या. आता ते शेवटचे उरले होते. चहा मिळाला होता, पण मोबाइल थोडा वेळच वापरायला दिला होता. आवाज खाली आलेला होता.

"काहीतरी सही केल्याशिवाय सोडणार नाहीत असं दिसतंय. काय करू?"

माझ्यासमोर तेव्हा टायरचा ट्रक उभा होता. ड्रायव्हर घाई करत होता, "मॅडम, साइन कर दो, लेट हो रहा है." तोच माझ्या डोक्यात प्रकाश पडला. असा घाई करणारा ड्रायव्हर मला दिवसातून दहा वेळा भेटतो. माल कमी असेल तरी मी त्याला अडकवून ठेवत नाही. सही देते, पण सहीच्या वर लिहिते, काय मिळालं आणि काय मिळालं नाही. नंतर कुणी काही म्हटलं तरी माझं लिहिलेलं तिथे असतं.

"सही करा," मी म्हटलं. "पण रिमार्क लिहून. सहीच्या वर, मोकळी जागा राहणार नाही असं. मी सांगते ते लिहा."

"इंग्रजीत? माझं स्पेलिंग..."

"मराठीत लिहा. हा कागद मला काल मिळाला. मी राजीनामा देत नाही. मला काम करायचं आहे. मग आजची तारीख, वेळ आणि सही. त्यांनी छापलेली तारीख खोडू नका, तशीच राहू द्या."

त्यांनी तसं केलं. त्या ऑफिसात मराठी वाचता येणारा एकच माणूस होता, साताऱ्याचा तो एचआरवाला. त्यालाच ते तिथल्या साहेबाला इंग्रजीत सांगावं लागलं. साहेबाने कागदाकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि "गो" एवढंच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी गेटवर त्यांचं कार्ड चाललं नाही.

फोनवर ते म्हणाले, "बाकीचे परवा निघणार, एअरपोर्टची बस ठरलीये. मी खोलीवर जाऊन बसतो."

"खोलीवर नाही. रोज ड्युटीच्या वेळेला युनिफॉर्म घालून गेटवर जायचं. वॉचमनला सांगायचं, मी कामावर आलोय, कार्ड चालत नाही, रजिस्टरमध्ये नाव लिहा."

"आणि मग?"

"आत घेतलं तर काम करायचं. नाही घेतलं तर शिफ्टभर तिथे थांबायचं."

"लाज वाटते गं. ये-जा करणारे बघतात."

"तुम्ही कामाला आलात, चोरी करायला नाही."

त्यांनी त्याच दिवशी माझ्याशी फोनवर बोलत बोलत तक्रारही नोंदवली. मी वहीतलं वाचायची, ते तिकडे भरायचे. पासपोर्ट कंपनीकडे आहे, हेही लिहिलं. शेवटचं बटण दाबायच्या आधी ते म्हणाले, "दाबू?" मी म्हटलं, "दाबा."

गेटवरचा वॉचमन नेपाळचा होता. पहिल्या दिवशी त्याने नाव लिहायला कां-कू केली. दुसऱ्या दिवशी लिहिलं. तिसऱ्या दिवसापासून खुर्ची सावलीत सरकवून द्यायला लागला. रोज सकाळी मला मेसेज यायचा, 'पोचलो, नाव लिहिलं'. असे अकरा दिवस. त्यांच्या खोलीतली बाकीची माणसं निघून गेली. आठ जणांच्या खोलीत ते एकटे राहिले. तिथे जेवण एकट्यासाठी बनवायचं कसं हा प्रश्न त्यांना पडायचा. इकडे सासूबाईंनी माझ्याशी बोलणं जवळजवळ टाकलं होतं. त्या वज्रेश्वरीला जाऊन आल्या, देवीचा अंगारा मुलाच्या फोटोला लावला आणि मला फक्त एवढंच म्हणाल्या, "तुज्या हट्टापायी झाला कायतरी तर बघ."

आठव्या की नवव्या दिवशी माझाही धीर सुटत चालला होता. दुपारी डबा खाताना वाटलं, कशाला हे सगळं? चारचौघांसारखी सही केली असती तर आत्ता ते घरी असते. मग ती मागच्या महिन्यातली छापलेली तारीख आठवली. ती तारीख आठवली की मला राग यायचा आणि राग आला की बरं वाटायचं.

बाराव्या दिवशी कामगार खात्याने दोन्ही बाजूंना बोलावलं. तिथे काय झालं ते त्यांनी मला बाहेर आल्याआल्या सांगितलं. मी मालाने भरलेल्या पॅलेटच्या मागे उभी राहून ऐकलं.

अधिकारी तरुण होता. बाजूला हिंदी दुभाषा. कंपनीकडून साहेब आणि साताऱ्याचा तो माणूस आला होता. साहेब म्हणाला, याने राजीनामा दिलाय, शिवाय हा दोन आठवडे कामावर नाही. अधिकाऱ्याने राजीनामा मागितला. कागद पुढे आला. दुभाषा त्यावरचं हाताने लिहिलेलं बघायला लागला. अक्षरं ओळखीची होती. त्याने ते सावकाश मोठ्याने वाचलं आणि मराठी येत नसतानाही त्याला अर्थ लागला. त्याने तो अरबीत सांगितला. अधिकाऱ्याने छापलेल्या तारखेवर बोट ठेवलं, मग हाताने लिहिलेल्या तारखेवर ठेवलं आणि साहेबाला काहीतरी विचारलं. साहेबाने साताऱ्याच्या माणसाकडे पाहिलं.

"या कागदावर सही कोणत्या दिवशी झाली?" अधिकाऱ्याने त्याला थेट विचारलं.

"हाताने लिहिलेली तारीख बरोबर आहे," तो म्हणाला.

साहेबाच्या बाजूला बसून तो हे बोलला. त्या वेळी त्याला काय वाटलं असेल ते त्यालाच माहीत. माझ्या मनात त्या दिवसापासून त्याच्याबद्दल किल्मिष नाही.

गैरहजेरीचं विचारलं तेव्हा नवऱ्याने गेटच्या रजिस्टरचं सांगितलं. अधिकाऱ्याने ते मागवून घेतो म्हटल्यावर साहेबाने तो मुद्दा सोडून दिला.

नोकरी वाचली नाही. हे मी सगळ्यांना आधी सांगते, कारण लोक समजतात की आम्ही जिंकलो म्हणजे कंपनीने हार घालून आत घेतलं. कंत्राट गेलेलं होतं, माणसं कमी करायचा हक्क कंपनीला होता. पण ती आता कायद्याने कमी करावी लागली. लेखी नोटीस मिळाली. त्यात खरं कारण होतं. नोटिशीची पूर्ण मुदत त्यांनी त्याच रीच ट्रकवर काम केलं. पासपोर्ट हातात आला. अनुभवाचं पत्र मिळालं आणि दुसऱ्या कंपनीत जायला आमची हरकत नाही, असंही लिहून मिळालं. त्या मुदतीतच त्यांना तिथल्याच एका दुसऱ्या गोदामात काम लागलं. नव्या कंपनीने करार दिला तेव्हा त्यांनी सांगितलं, "एक दिवस द्या. घरी वाचायचाय." कुणी हसलं नाही म्हणे.

ज्यांनी सह्या केल्या होत्या, त्यांच्यातले दोघे इकडे आल्यावर मला भेटले. एक शहापूरचा, एक बिहारचा, जो आता भिवंडीत लूमवर आहे. आम्हाला पण सांगायचं होतं ना भाभी, बिहारचा म्हणाला. ते मला अजूनही लागतं. तेव्हा मला माझ्या एका माणसापलीकडे दिसलं नव्हतं. आता कुणी परदेशी निघालं की आमच्या बिल्डिंगमधले लोक करार घेऊन माझ्याकडे येतात. रविवारी सकाळी मी वेळ ठेवते. मी वकील नाही, हे आधी सांगते. मग सोबत बसून वाचते. पद काय लिहिलंय, नोटीस किती, राहायचं कुठे, पासपोर्टचं काय. न कळलेल्या जागी पेन्सिलने खूण करून त्यांना एजंटकडे विचारायला पाठवते. काका अधूनमधून माझ्याकडे माणसं धाडतात.

ते सुट्टीवर आले त्या आठवड्यातली गोष्ट. सासूबाई खुशीत होत्या, मुलाला समोर बसवून तांदळाच्या भाकरी वाढत होत्या. तो सगळा प्रकार ते आईला पुन्हा सांगत होते. ऐकता ऐकता सासूबाईंनी माझ्याकडे वळून विचारलं, "त्याचा कागद पायलास. तुजा कागद कुठं हाय?"

"माझा कसला?"

"नोकरीचा. तू पन करतंस ना नोकरी?"

भाकरी माझ्या हातातच राहिली. सात वर्षं मी त्या गोदामात होते. गोदाम एका मोठ्या कंपनीचं, पण आम्ही सगळे कंत्राटदाराची माणसं. हजेरी लागायची, पगार यायचा, ओळखपत्र गळ्यात असायचं. पण माझी नेमणूक झाली आहे, असं सांगणारा एकही कागद माझ्याजवळ नव्हता. परमुलखातल्या कंपनीला मी करारातलं कलम दाखवत होते आणि इथे कुणी मला उद्यापासून येऊ नका म्हटलं असतं, तर दाखवायला माझ्याकडे काहीच नव्हतं.

सोमवारी मी इनवर्डच्या बाकी पाच बायकांशी बोलले. आम्ही एक साधा अर्ज लिहिला, आम्हाला नेमणूकपत्र मिळावं, सगळ्यांनी सह्या केल्या आणि कंत्राटदाराच्या ऑफिसात दोन प्रती नेल्या. एक त्यांच्यासाठी, दुसरीवर पोच घेण्यासाठी.

"एकाएकी काय झालं तुम्हाला?" कंत्राटदाराचा माणूस म्हणाला. "कुणी भडकवलं का?"

"नाही. मागायचं राहून गेलं होतं."

त्याने पोच द्यायला टाळाटाळ केली. आम्ही सहा जणी समोरच्या बाकावर बसून राहिलो. कुणी आवाज चढवला नाही. वीस मिनिटांनी त्याने शिक्का मारला.

तीन आठवडे गेले. मधे एकदा सुपरवायझर येऊन म्हणाला की वर नाराजी आहे. आम्ही काम करत राहिलो. मग एका दुपारी सहा पाकिटं आली. बाकीच्या जणींनी आपापली उघडली. त्यातली एक, वयाने सगळ्यात मोठी, जिला इंग्रजी वाचता येत नाही, तिने माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "माझं नाव दाखव कुठे आहे." मी बोट ठेवलं. ती त्या जागेकडे बराच वेळ बघत होती.

माझं पत्र मी शेवटी उघडलं. नाव बरोबर होतं, रुजू झाल्याची तारीख बरोबर होती. हुद्द्याच्या जागी 'हेल्पर' लिहिलेलं होतं. इनवर्डच्या प्रत्येक चलानावर सात वर्षं माझी सही होती. मी पत्र परत पाकिटात घातलं, वर लिहिलं, 'हुद्दा चुकला आहे, दुरुस्त करून मिळावा', आणि ऑफिसात नेऊन दिलं. दुरुस्त केलेलं पत्र पुढच्या गुरुवारी आलं.